सतरा नंबरचं झाड

खऱ्या शमीचे काटे फांदीवर कुठेही असतात. दोन पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत, विखुरलेले, बुटके, रुंद बुडाचे. वेड्या बाभळीचे काटे मात्र जिथून पान फुटतं त्या पेरावरच येतात, बहुधा जोडीने, सरळ आणि लांब. दोन्ही झाडं नात्यातली, लांबून सारखी दिसतात, म्हणून फांदी हातात घेतल्याशिवाय नाव सांगू नये. कराडच्या कॉलेजात सात वर्षं मी मुलांना हे शिकवलं. इथे दोह्याबाहेर झिक्रीतच्या वाळवंटात मात्र मी फांदी हातात न घेताच नाव लिहून टाकलं, आणि त्या एका चुकीमुळे यशोधन माझ्या हाती सापडला.

यंदा दसरा गुरुवारी आला. दोह्यात आमचे सण पंचांगाप्रमाणे येतात आणि शुक्रवारी साजरे होतात. 'शुक्रवार पायपीट' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यशोधनने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, की या वर्षीचं सीमोल्लंघन झिक्रीतच्या टेकडीपलीकडे, शमीपाशी. कुणीतरी विचारलं की सीमा ओलांडली तर कोस्टगार्ड पकडणार नाही ना. त्याखाली हसणारे बारा चेहरे आले. मी एक अंगठा टाकला.

यशोधन या ग्रुपचा प्रमुख, म्हणजे तसं त्यानेच ठरवलेलं. बोलका माणूस. कुणाची गाडी वाळूत रुतली की आधी पोचणारा, फोटोत मध्यभागी उभा राहणारा. माझा नवरा गजेंद्र ज्या प्रकल्पावर आहे त्याच्या सल्लागार कंपनीत तो वरच्या जागेवर आहे. गजेंद्रची सगळी ड्रॉइंग त्याच्या टेबलावरून पुढे जातात. हे मला घरात वारंवार सांगितलं गेलं आहे.

आणि जुलैपासून तो लेखकही झाला. 'झिक्रीतच्या वाटेवरच्या एकेचाळीस वनस्पती'. इंग्रजीत, स्पायरल बांधणी, घामाने भिजू नये म्हणून प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं. अल हिलालच्या एका फ्लॅटवर बटाटेवडे खाता खाता त्याने सगळ्यांना प्रती वाटल्या. माझ्या हातात प्रत देताना म्हणाला, "वहिनी, शेवटच्या पानावर तुमचंही नाव आहे हं."

होतं. आभारांच्या यादीत सातवं. थर्मासमधल्या चहाबद्दल आणि उपम्याबद्दल.

त्या एकेचाळीस वनस्पती माझ्या होत्या. गजेंद्रबरोबर मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. आले त्या हिवाळ्यापासून दर शुक्रवारी ही वाट चालले. बाकीचे पुढे जायचे, मी मागे राहायचे. गुडघ्यावर वही, गळ्यात भिंग, खिशात पट्टी. नोंदी कॉलेजातल्या सवयीने इंग्रजीत. पहिल्या वर्षाअखेर यादी टाइप केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये यशोधनने ती ग्रुपसाठी मागितली तेव्हा फाइल त्याला पाठवली. एका ओळीत लिहिलंही होतं, की काम अजून कच्चं आहे. दीड वर्षाने ती फाइल त्याच्या नावाने छापून आली.

पुस्तक मी त्याच संध्याकाळी सोफ्याच्या कडेला बसून वाचलं. वाक्यं माझीच. समरच्या, म्हणजे इथल्या छत्रीसारख्या बाभळीच्या, झाडाची पर्णिका केवढी ते सांगताना मी लिहिलं होतं, 'आंबेमोहर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी'. यशोधनच्या घरी आयुष्यभर बासमती शिजला, पण आंबेमोहरही त्याने तसाच छापला होता.

मी त्याला फोन केला. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, ते ग्रुपचं काम आहे, चालत तर आपण सगळेच होतो, आणि कुणीतरी पुढे होऊन ते लोकांसमोर आणायला हवं होतं. "वहिनी, तुम्ही कधी काही बोलतच नाही," तो म्हणाला. "बोलला असतात तर घातलं असतं नाव."

गजेंद्र म्हणाला, जाऊ दे. इथे आपण अजून किती दिवस आहोत? मी बरं म्हणाले. भांडी घासली. मग वही काढून पुस्तकाशी ओळीन् ओळ ताडून पाहायला बसले, आणि सतरा नंबरवर थांबले.

सतरा नंबर, शमी. अरबीत गाफ.

ही चूक कशी झाली ते सांगते. ऑक्टोबर २०२३, इथला आमचा पहिला सामुदायिक दसरा. सोनं कुठून आणायचं, शमी कुठे मिळेल, असं ग्रुपवर दोन दिवस चाललं होतं. टेकडीच्या पलीकडे एका सखल जागेत, जिथे हिवाळ्यात चार दिवस पाणी साचतं, तिथे एक झाड होतं. वाकलेलं, उंटांनी चेपलेलं, शेंगा नसलेलं. सगळे माझ्याकडे वळले. वहिनी, शमी ना? वाळवंटात दसऱ्याच्या दिवशी बायका हळदकुंकू घेऊन उभ्या आहेत, समोर बारीक पानांचं एक झाड आहे, आणि एकटीने नाही म्हणायचं. मी हो म्हणाले. घरी येऊन ग्रंथातलं खऱ्या शमीचं वर्णन उतरवून काढलं, काट्यांसकट. फांदी पाहिलीच नाही.

पुढच्या मार्चमध्ये शेंगा आल्या. जाड, पिवळट, कोयत्यासारख्या वाकलेल्या. तेव्हा फांदी हातात घेतली. पेरावर काट्यांची जोडी. वेडी बाभूळ. मी उन्हात तशीच उभी राहिले. पहिल्या वर्षाच्या मुलाला जिच्यासाठी शून्य दिलं असतं, अशी चूक. वहीत लाल शाईने शमी खोडली, खरं नाव लिहिलं, तारीख घातली, ८ मार्च २०२४. आणि कुणालाही सांगितलं नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला सगळ्यांनी पुन्हा तिथेच कुंकू वाहिलं, आणि मी वाहू दिलं. लाज वाटली म्हणून.

यशोधनकडे असलेली फाइल जानेवारीतली होती.

सप्टेंबरमध्ये त्याने ग्रुपवर लिहिलं, की अल दुहैलच्या एका शाळेला पुस्तक फार आवडलं आहे, ते मुलांसाठी ही निसर्गवाट ठरवणार आहेत, वाटेच्या सुरुवातीला फलक लागेल, त्यावर नाव असेल. दुसरी आवृत्ती छापायची आहे. कुणाला चुका दिसल्या तर वीस तारखेपर्यंत कळवा.

मी फोन हातात घेतला. 'सतरा' एवढं टाइप केलं. ते थोडा वेळ पाहिलं. मग पुसलं आणि कुकर लावला.

*

पहाटे पाचला आम्ही गाड्या लावल्या तेव्हा हवेत दमट उकाडा होता. चौदा जण. यशोधनच्या पाठपिशवीत स्टीलचा डबा, त्यात हळदकुंकू, सुपारी, खडीसाखर. दिवा नाही, आरती नाही. इथे उघड्यावर तसं करत नाहीत. ग्रुपमधल्या गौरीने वडिलांना आणलं होतं, सांगोल्याचे पोपटराव. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करून निवृत्त झालेले, आणि व्हिजिट व्हिसावर आल्यापासून महिनाभर फ्लॅटमध्ये कोंडलेले. टेकडीकडे पाहून त्यांनी विचारलं, "चढायचं ते हेच का?" पंचेचाळीस मीटरची टेकडी. सह्याद्रीत हिला कुणी नावही दिलं नसतं.

आणि शाळेच्या विज्ञान विभागाच्या प्रमुख आल्या होत्या. मैमुना, सुदानच्या. उंच, पन्नाशीच्या, पायात जुने आणि चांगले बूट. मी आधी बूट पाहते. त्यांच्या बुटांवरून कळलं की या बाई रानात काम केलेल्या आहेत. मला बरं वाटलं.

पहिला किलोमीटर सपाट आहे. पायाखाली चुनखडीचा भुगा, मधे मधे हर्मची झुडपं. हर्मचं पान म्हणजे फुगीर देठावर दोन बोटं वर केल्यासारखं; दाबलं की पाणी सुटतं. सगळा उन्हाळा सोसून ती पिवळी पडली होती, पण मेली नव्हती. फेब्रुवारीत तिच्या मुळाशी जमीन फोडून एक पिवळा तुरा वर येतो, हातभर उंच, देखणा. लोक त्याचेच फोटो काढतात. त्याला हिरवं पान एकही नसतं. स्वतः काही बनवत नाही, हर्मच्या मुळांवर जगतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यशोधनने तोच घेतला आहे. फोटो माझा.

तो पुढे चालत मैमुनाबाईंना एकेक झुडूप दाखवत होता. अवसज, चार नंबर. रिम्थ, नऊ नंबर. तो पान उघडायचा, वाचायचा, हसायचा. कड्याखालच्या सावलीत बोरीचं खुरटं झुडूप आहे, तिथे पोपटरावांनी दोन वाळकी बोरं तोंडात टाकली आणि कुणी विचारायच्या आत निकाल दिला, की चव हाय, पण घरच्यावानी न्हाई. वाटेत कडू इंद्रावणाचा वेल आडवा आला, त्यावर चेंडूएवढी फळं. यशोधन तो ओलांडून गेला. ते त्याच्या पुस्तकात नाही, कारण मला ते गेल्या हिवाळ्यात सापडलं.

मैमुनाबाई थांबल्या आणि त्यांनी हे कोणतं म्हणून विचारलं. यशोधनने पानं चाळली. मग म्हणाला, हे दुसऱ्या आवृत्तीत येईल. बाई वेलाकडे वळून पाहत चालल्या. अरबीत याला काय म्हणतात ते सुदानच्या बाईला माहीत नसेल, हे शक्यच नव्हतं.

"चारू, तू का मागे?" गजेंद्रने हळूच विचारलं. माझ्या पिशवीतून डोकावणारी वही त्याला दिसली होती. मी म्हटलं, तुझी ड्रॉइंग तू सांभाळ. दहा पावलांनंतर तो म्हणाला, "आज नको."

घळीतून वर चढलं की माथा लागतो. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे वाऱ्याने कातलेले दगड. फोटो झाले. कुणीतरी म्हणालं, चारुवहिनींना पण घ्या रे, त्या झाडांशीच बोलत बसतात. यशोधन म्हणाला, झाडं उलट उत्तर देत नाहीत ना, म्हणून. सगळे हसले. मीही हसले.

पलीकडे उतरलो आणि झाड आलं.

दोन वर्षांत ते वाढलं होतं. खाली पाला वाळून पडलेला, आणि त्या पाल्याखाली दुसरं काहीही उगवलेलं नाही. यशोधनने मोठ्याने सांगितलं की आली आपली शमी. बायकांनी डोक्यावर ओढण्या घेतल्या. पोपटराव कमरेवर हात ठेवून वर बघत होते.

"ही तर येडी बाभळ हाय की," ते म्हणाले.

यशोधन हसला. "काका, पुस्तकात आहे. शमी आहे ही."

"असंल. पर आमच्याकडं स्टेशनपासनं तळ्यापातूर हीच हाय. शेरडं शेंगा खात्यात, पाल्याला तोंड लावत न्हाईत." ते खाली वाकले. "हितं उंटाच्या लेंड्या हायती आन् पाला जागच्या जागी. शमीचा पाला जनावरानं ठिवला नसता."

"अहो बाबा, गप बसा ना," गौरी म्हणाली.

कुंकू वाहिलं गेलं. यशोधनने फांद्या मोडून पानं वाटायला सुरुवात केली आणि ती वाटता वाटता बाईंना इंग्रजीत पांडवांची गोष्ट सांगितली. अज्ञातवास, झाडात लपवलेली शस्त्रं, आणि ते हेच झाड. गोष्ट तो चांगली सांगतो. बाईंनी ती पूर्ण ऐकली. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, की इथे रानात गाफ आहे हे कळून आनंद झाला, पण याचीच एक परदेशी बहीण आहे, त्यांच्या देशातल्या कसाला भागात तिने शेतं गिळली आणि सरकारला तिच्याविरुद्ध हुकूम काढावा लागला. मुलं विचारतील. दोघींमधला फरक कसा ओळखायचा?

यशोधनने आनंदाने सतरा नंबरचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. काटे दोन पानांच्या मधल्या जागेत, विखुरलेले, बुटके, रुंद बुडाचे.

बाईंनी चष्मा लावला. त्याने दिलेलीच डहाळी उचलून त्याच्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. पेरावर काट्यांची जोडी, सरळ, दोन सेंटिमीटरची. दुसऱ्या पेरावर जोडी. तिसऱ्यावर जोडी.

यशोधनने डहाळीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. कधी कधी फरक असतो, असं काहीसं म्हणाला. बाईंनी विचारलं, की हे वर्णन लिहिताना तुम्ही कोणती फांदी पाहिली होती?

तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला मागच्या रांगेत शोधलं. "वहिनी," तो मराठीत म्हणाला, "सांगा ना यांना."

मला सांगता आलं असतं. जातीत वैविध्य असतं, कोवळ्या फांदीवर काटे वेगळे दिसतात, असं काहीतरी. शास्त्राच्या भाषेत खोटं बोलणं मला त्याच्यापेक्षा चांगलं जमलं असतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. गजेंद्र माझ्याकडे पाहत होता. मी पिशवीतून वही काढली.

मी इंग्रजीत बोलले, सावकाश, वर्गात बोलायचे तशी. "ही शमी नाही. काकांनी सांगितलं ते बरोबर आहे. चूक माझी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी फांदी न बघता ग्रंथातलं वर्णन उतरवलं. मार्च २०२४ मध्ये शेंगा पाहिल्या आणि दुरुस्ती केली. ही तारीख. यशोधनना मी फाइल दिली ती जानेवारीत. त्यामुळे माझी चूक त्यांच्याकडे आहे, आणि दुरुस्ती माझ्याकडे."

वही मी बाईंच्या हातात दिली.

त्यांनी सतरा नंबर पाहिला, लाल शाई पाहिली. मग वहीची पानं मागे उलटत गेल्या. समरपाशी थांबल्या, वहीतलं वाचलं, पुस्तकातलं वाचलं, आणि विचारलं की आंबेमोहर म्हणजे काय. मी सांगितलं, आमच्याकडचा एक बुटका तांदूळ. त्यांनी यशोधनकडे पाहिलं नाही. फक्त विचारलं, एकेचाळीसपैकी तुमच्या किती?

"एकेचाळीस," मी म्हणाले. "आता त्रेपन्न आहेत."

त्यांनी पुस्तक मिटून यशोधनला परत दिलं. वही दिली नाही. गाडीपर्यंत चालताना बघू का, असं मला विचारलं, आणि जाता जाता त्या इंद्रावणाच्या वेलापाशी थांबू, असंही म्हणाल्या.

मी कल्पना केली होती त्यात हे असंच होतं. मात्र त्यात गौरी नव्हती. तिच्या अंगठ्याला अजून कुंकू होतं.

"वहिनी, म्हणजे गेल्या वर्षी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बघत उभ्या राहिलात? मी इथे नवस बोलले होते."

आजूबाजूला मूठभर पानं धरून उभे असलेले सगळे आता यशोधनकडे नाही, माझ्याकडे बघत होते. हेही मी मोजायला हवं होतं. मोजलं नव्हतं.

"कशाचा नवस गं?" पोपटरावांनी विचारलं.

"तुमच्या व्हिसाचा."

"मग आलो की मी," पोपटराव म्हणाले. "फिटला." आणि हातातली पानं त्यांनी नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. कुणीतरी हसलं, पण गौरी हसली नाही. ती माझ्याशी अजून बोलत नाही.

लोक परतीच्या चढाला लागले. गजेंद्र सगळ्यांच्या पुढे, एकटा, भराभर. यशोधन डब्याचं झाकण लावत मागे राहिला. ते बसत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा त्याने वर न बघता विचारलं.

"सप्टेंबरमध्ये मी ग्रुपवर विचारलं होतं. चुका कळवा म्हणून. तेव्हा सांगता आलं असतं तुम्हाला."

"हो," मी म्हणाले. "आलं असतं."

"मुद्दाम नाही सांगितलंत?"

"मुद्दाम."

तो बहुधा वाट पाहत होता, की मी पुढे काही म्हणेन. समजुतीचं, किंवा निदान रागाचं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. जुलैपासून मला झोप लागत नव्हती, आणि आता उन्हात उभ्या उभ्या ती येत होती.

मी झाडाची एक फांदी ओढली, हातभर डहाळी नीट पेरावर मोडली आणि त्याच्यापुढे धरली. चढावर मैमुनाबाई वही घेऊन थांबल्या होत्या, त्यांच्या मागे दोघंतिघं वळून पाहत होते. दसऱ्याचं सोनं कुणी नाकारत नाही. त्याने हात पुढे केला.

"सोनं घ्या," मी म्हणाले, "आणि सोन्यासारखे राहा."

त्याने मूठ मिटली, कारण ती मिटायची असते. काटे पेरावर होते, जोडीने. कुठे लागतील ते मला माहीत होतं.